हसूशेठची म्हातारी

हसूशेठच्या गाडीत पुढच्या सीटवर मी कधीच बसलेलो नाही. ती जागा म्हातारीची. म्हातारी म्हणजे पूल खेळायची एक जुनी काठी, काळ्या चामड्याच्या लांबट पेटीत निजलेली. तिला सीटबेल्ट लावलेला असतो. एकदा खारघरच्या रस्त्यावर खड्डा आला, तेव्हा हसूशेठनी डावा हात तिच्यापुढे आडवा धरला. मागे माझं डोकं छतावर आपटलं, त्याची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.

हसूशेठ घरत म्हणजे करंजाड्यातल्या आमच्या इमारतीचे मूळ जमीनमालक. शेत गेलं, इमारत उभी राहिली. तळमजला त्यांच्या वाट्याला आला. लोकांनी असल्या जागेत मोबाइलची, नाहीतर चायनीजची दुकानं काढली. हसूशेठनी मागच्या खोल्यांत संसार थाटला आणि पुढच्या हॉलमध्ये पूलचं टेबल टाकलं. हिरव्या कापडाचं टेबल, सहा भोकं आणि रंगीत बॉल. काठीनं पांढरा बॉल ढकलायचा आणि त्याच्या धक्क्यानं बाकीचे भोकात घालायचे, एवढाच तो खेळ. काठीला क्यू म्हणतात. हसूशेठ काठीच म्हणतात, पण दुसऱ्या कुणी काठी म्हटलं की त्यांना राग येतो.

"सायेब, काठी गुरांना मारतात. हिला क्यू म्हनाचं."

क्यू सरळ आहे की नाही हे बघायचं तर तो टेबलावर घरंगळत सोडतात. वाकडा असेल तर उड्या मारतो. ही परीक्षा हसूशेठ जगातल्या प्रत्येक लांबट वस्तूची घेतात. माझी छत्री, पडद्याचे दांडे, देवळातल्या भजनकऱ्याची बासरी, सगळं त्यांनी जमिनीवर सोडून पाहिलंय आणि मान हलवून निकाल दिलाय. पुतण्यासाठी मुलगी बघायला नेऱ्याला गेले, तर तिथलं लाटणं पाटावर घरंगळवलं आणि म्हणाले, "वाकरं हाय!" मुलीच्या आईला वाटलं, स्थळाबद्दलच बोलताहेत. बाई रडायला लागल्या. हिरावैनींनी, म्हणजे हसूशेठच्या बायकोनं, कशीबशी समजूत घातली आणि परतीच्या वाटेवर नवऱ्याला गाडीत एक शब्द बोलू दिला नाही.

म्हातारी त्यांना भेटली अमेरिकेत. मुलीकडे गेले होते. शेजारच्या एका आजोबांच्या गॅरेजात त्यांना ती दिसली. काळं शिसवी लाकूड, त्यात शिंपल्याचे बारीक तुकडे बसवलेले, मुठीवर मूळचा दोरा, आणि बुडाशी, ती घडवणाऱ्या कारागिराची खूण. कारागीर कधीच वारलेला. तसले क्यू आता कुणी घडवत नाही. लोक तिकडून अत्तरं आणतात, हसूशेठनी म्हातारी आणली. विमानात तिला मांडीवर घेऊ दिलं नाही म्हणून ते अजून त्या हवाई सुंदरीवर रागावलेले आहेत.

तिचं मोल कशात आहे, हे त्यांनी मला चहाच्या कपागणिक समजावलंय. मूळ पॉलिश हवं. मूळ दोरा हवा. खूण हवी. घासायचं नाही, रंगवायचं नाही, आणि शक्यतो खेळायचंही नाही.

"मग ही चांगली खेळते हे कशावरून?" मी विचारलं.

"घेतली त्या दिशी येकच बॉल मारला." त्यांचे डोळे मिटले. "सायेब, जोर लावलाच नाय. नुसती टेकवली. बॉल असा पलाला! मंग पुसली, पेटीत घातली. बस."

हिरावैनींना हे मुळीच पटत नसे. "सोनं अंगावं घातलं तर मिरवता तरी येतं," त्या म्हणायच्या. "ही पेटीतली कोनाला दाखवाची?" त्या स्वतः कुठलाही क्यू घेऊन खेळायच्या. भाकऱ्या आटोपल्या की हात धुऊन, पदर खोचून हॉलमध्ये यायच्या आणि कॉलेजच्या पोरांना हरवून पुन्हा आत जायच्या. हसूशेठना तर त्या रोजच हरवायच्या. ते म्हणायचे, टेबलच उतरतं आहे.

मध्यंतरी मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होतो. परत आलो तर हॉलला कुलूप. वैनी कुठे म्हणून विचारलं, तर हसूशेठ म्हणाले, "नेऱ्याला, भावाकरं." आणि विषय बदलला. मला वाटलं, पुन्हा कुणाचं तरी लाटणं घरंगळवलं असेल.

मग एका रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. मुंबईहून एक वकील म्हातारी बघायला येणार होते. जुन्या क्यूंचे मोठे संग्राहक. त्यांचं येणं कधीपासून ठरलेलं. त्यांना ती विकत हवी होती आणि 'सोडाची नाय' असं वर्षभर म्हणत हसूशेठ त्यांच्याशी फोनवर तासन्‌तास बोलत. आज मात्र त्यांचा चेहरा पडलेला होता.

"तुमी फक्त बसा," ते म्हणाले. "मी एकटा असलो तं काय बाय बोलेन."

वकीलसाहेब आले. बसायच्या आधी त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, खिशातून भिंग काढलं. हसूशेठनी पेटी टेबलावर ठेवली आणि ते स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. वकीलसाहेबांनी पेटी उघडली.

मीही वाकून पाहिलं. मुठीवरचा दोरा नव्हता. त्या जागी लहान मुलांच्या सायकलच्या हँडलचं जाड रबर होतं. गुलाबी. आणि बुडाकडचा चांगला वीतभर तुकडा कापून टाकलेला.

वकीलसाहेबांच्या हातातलं भिंग तसंच वर राहिलं. "खूण? इथे कारागिराची खूण होती ना? फोटोत दिसत होती!"

"व्हती," हसूशेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मग?"

"उंदरानं खाल्ली."

"उंदरानं? करवतीनं?"

वकीलसाहेबांनी क्यू हळूच पेटीत ठेवला. "घरतसाहेब, आता हिला कुणी विचारणार नाही. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?"

"कलतंय," हसूशेठ म्हणाले. "तुमी येताव म्हाईत व्हतं. फोनवं सांगाचा धीर नाय झाला. चहा तरी घ्या."

वकीलसाहेबांनी चहा घेतला नाही. मोजे काढून खिशात घातले, मला उगीचच नमस्कार केला आणि गेले. मी हसूशेठना काही विचारणार, तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

"गेला काय तो?"

आवाज हिरावैनींचा होता, पण शब्द जरा जड, ओढल्यासारखे. मी हसूशेठकडे पाहिलं.

"नेऱ्याला नाय गेली ती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमी नाशिकला व्हताव तवा लकवा मारला. उजवी बाजू. हास्पिटलातशी घरी आनली, पन कोनाला तोंड दाखवत नाय. व्यायाम शिकवाला बाई येतं, तिला म्हनतं, मी काय ल्हान पोर हाय रबराचा बॉल दाबाला? मंग मी टेबलाजवल आनली. बाकीचे क्यू जड. हाताशी धरवत नाय, मारला तं बॉल हालत नाय. ही येकच अशी हाय, का नुसती टेकवली तरी बॉल पलतो. फक्त तिच्या हाताला लांब व्हती. आन् मूठ बारीक."

ते आत गेले आणि वैनींना धरून घेऊन आले. मला पाहून त्या दारातच थबकल्या, डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला.

"वैनी, मी आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडून हरायला आलोय."

त्यांनी पदर खाली केला. "बसा भावजी," त्या म्हणाल्या. "बगा काय दशा झाली."

हसूशेठनी पेटीतून म्हातारी काढून त्यांच्या उजव्या हातात दिली आणि बोटं एकेक करून गुलाबी रबराभोवती मिटवली. लाल बॉल कोपऱ्यापासून हातभर लांब ठेवला. वैनी वाकल्या, नेम धरू लागल्या. तेवढ्यात हसूशेठनी करंगळीनं लाल बॉल भोकाकडे सरकवला.

"मना दिसतंय," वैनी मान वर न करता म्हणाल्या. "व्हता तिथं ठेवा."

त्यांनी निमूट बॉल जागेवर ठेवला. मग माझ्या शेजारी आले आणि टेबलाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे वैनींचा श्वास ऐकू येत होता. मग बॉलवर बॉल आपटल्याचा हलकासा आवाज झाला.

"गेला काय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "भोकाच्या तोंडाशी थांबला."

"तोंडाशी?" ते अजूनही भिंतीकडेच बघत होते. "काल निम्म्यात थांबला व्हता."