झाकणावर बसलेले नाथाभाऊ

आमच्या नागावात माणसं पेपर वाचायला ओटीवर बसतात. नाथाभाऊ लोकांच्या टाकीच्या झाकणावर बसतात. होय, संडासाच्या टाकीच्या. टाकी कुणाची, वाडी कुणाची, आपल्याला बोलावलं कुणी, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. अमक्याकडे टाकीत माणूस उतरवणार अशी कुणकुण लागली की ते डोक्याला पंचा गुंडाळून, पानाची चंची घेऊन येतात आणि झाकणावर मांडी ठोकतात. मालक ओरडतो, मालकीण ओरडते, कुत्रं भुंकतं. नाथाभाऊ सुपारी कातरतात.

"अहो उठा, संध्याकाळी पावणे यायचेत!"

"गाडी बोलव. पाइप टाक. माणूस आत जायचा न्हाय."

या कामावर त्यांना कुणी नेमलेलं नाही. एकेकाळी ते सेंट्रिंगचे मिस्त्री होते. स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचे, स्लॅब पक्का झाला की काढायचे. एक दिवस धंदा सोडला तो सोडलाच. तेव्हापासून सगळ्या गावाची तपासणी करतात. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब हलवून बघतात, मग नवरानवरीकडे. एका लग्नात खांब खरंच हलला. मंगलाष्टका सुरू झाल्या तरी हे मांडववाल्याकडून दोऱ्या आवळून घेत होते. अक्षता पडल्या त्या त्यांच्याच डोक्यावर.

आणि एक पालुपद: "आवाज दे!" कुणी माडावर नारळ उतरवायला चढलं, कुणी विहिरीत पंप काढायला उतरलं, की हे खाली नाहीतर काठावर उभे. "आवाज दे!" समोरच्याने 'ओ' म्हणेपर्यंत जागचे हलत नाहीत. त्यांचे जावई न्हाणीत जरा रमले तर दारावर थाप पडते, "जावईबापू, आवाज द्या!" जावईबापू आता सासुरवाडीला आंघोळ करूनच येतात.

मला नाथाभाऊ आवडत. म्हणजे तत्त्व म्हणून आवडत. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. मोठी झाल्यावर स्वतः पत्रकं लिहू लागले. माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, हे मी लाल अक्षरांत छापून अलिबागच्या एसटी स्टँडवर वाटलंय. त्यामुळे कायदा मला पाठ आहे, असा माझा समज होता.

मग एका सकाळी नाथाभाऊ आमच्याच टाकीवर येऊन बसले.

बाबा निवृत्तीनंतर वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधत होते. त्यांची नवी टाकी महिन्यापूर्वी बांधून झाली होती. स्लॅब पक्का झाला होता, आतल्या फळ्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या. सेंट्रिंगवाला प्रदीप त्यासाठीच आला होता. त्या फळ्या त्याला दुसऱ्या दिवशी चौलच्या साईटवर हव्या होत्या. शर्ट काढून तो उतरायला तयार, आणि झाकणावर हे.

"ओ झाकणशेठ, उठा," प्रदीप म्हणाला. "नवी टाकी हाय. यात अजून कुणी बसलेला पण न्हाय."

बाबा हसले. मीही हसले. हे मी लपवणार नाही. वर मी नाथाभाऊंना कायदा शिकवला.

"नाथाभाऊ, तो नियम मैल्याच्या टाकीला आहे. ही कोरी आहे. पावसाचं थोडं पाणी आणि फळ्या, एवढंच आहे आत."

"बाय, तुझा कागद वाचलाय मी. चांगला लिवतेस." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पण आतल्या हवेनं वाचलाय का?"

प्रदीप चिडला. त्याने नाथाभाऊंच्या काखेत हात घालून त्यांना उचलायचा प्रयत्न केला. म्हातारा जागचा हलेना. शेवटी बाबा म्हणाले, "नाथाभाऊ, तुमचं म्हणणं काय आहे?"

"कंदील आण."

आमच्या पडवीतला कंदील पेटवून आणला. नाथाभाऊ उठले, झाकण सरकवलं, कंदिलाला दोरी बांधली. "वापरातल्या टाकीत दिवा कधी सोडायचा न्हाय, भडका उडंल. ही कोरी हाय म्हणून सोडतो," असं बजावत त्यांनी कंदील खाली सोडला. हातभर गेला, दोन हात गेला. मग ज्योत बुटकी झाली, निळी झाली आणि विझली.

"वारा लागला असंल," प्रदीप म्हणाला.

"बंद टाकीत वारा कुठून आला, तुझ्या सासऱ्यानं पाठवला?"

कंदील पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथेच, त्याच खोलीवर पुन्हा विझला.

आम्ही तिघंही त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिलो. कसला वास नाही, धूर नाही, काही नाही. स्वच्छ, कोरी टाकी. ओलं लाकूड महिनाभर कोंडून राहिलं की हवेतला जीव खाऊन टाकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते झाकण बाबांनीच घट्ट बसवलं होतं, शेजारची पोरं आत पडू नयेत म्हणून!

मी घरात जाऊन पंचायतीचा बांधकाम परवाना काढला. त्यात टाकीची लांबी होती, रुंदी होती, विहिरीपासूनचं अंतर होतं. आत उतरणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या लाल अक्षरांतल्या पत्रकातही नव्हतं. आम्ही सगळेच शहाणे, आणि दहा मिनिटांत प्रदीपला मारून मोकळे झालो असतो.

नाथाभाऊ तोवर किनाऱ्यावर गेले होते. परतले ते बनाना राईडवाल्यांचा बोट फुगवायचा मोठा पंप डोक्यावर घेऊन. टाकीच्या कोपऱ्यातलं दुसरं तोंडही उघडायला लावलं आणि पंपाचा पाइप आत सोडून तो दिवसभर चालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू केला. "आता टाकी फुगून समुद्रात जाईल," प्रदीप म्हणाला, पण हळू. मग कंदील सोडला. तळाला टेकला तरी जळत राहिला.

प्रदीपच्या छातीला आणि खांद्यांवरून दोर बांधला. वर बाबा, मी आणि नाथाभाऊ. पंप सुरूच.

"आत गेलास की गाणं म्हण," नाथाभाऊंनी फर्मावलं.

"आता गाणं कशाला?"

"हळदीचं म्हण, आरती म्हण, काय पण म्हण. बंद करायचं न्हाय."

प्रदीप उतरला आणि हळदीची गाणी रेकू लागला. रेडा हंबरावा तसा आवाज टाकीत घुमत होता. फळ्या सुटून एकेक वर येत होत्या. मला हसू येत होतं.

मध्येच गाणं थांबलं.

"आवाज दे!" नाथाभाऊ ओरडले. उत्तर आलं नाही. "प्रद्या! आवाज दे!" त्यांनी दोर असा खेचला की बाबा पुढे कोलमडले.

"आरं, फळी अडकलीय!" आतून शिवी आली. "जोर लावू का गाऊ?"

"दोन्ही कर, रांडेच्या!"

गाणं पुन्हा सुरू झालं. नाथाभाऊ खाली बसले. दोर मात्र सोडला नव्हता. दोराकडे बघत बोलू लागले.

"आमचा किसन लय अबोल. माझा जोडीदार. एका डब्यात जेवायचो. अशीच कोरी टाकी होती. तो आत, मी वर तंबाखू मळत. आवाज येत नव्हता." त्यांनी दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला. "मला वाटलं, काम करतोय."

आत प्रदीप तिसरं गाणं रेकत होता.

दुपारी शेवटची फळी निघाली. प्रदीप वर आला, चिखलाने माखलेला, आणि कठड्यावर बसून चहा पिऊ लागला. पंप बंद केला होता. वाडीत एकदम शांत झालं. नाथाभाऊंनी दोराची वेटोळी केली, झाकण लावलं, चंची उचलली, पण गेले नाहीत. प्रदीपसमोर जाऊन उभे राहिले.

"बंद का केलंस?"

"आता बाहेर आलो ना, भाऊ."

"म्हण."

दोन दिवस त्यांना झाकणशेठ म्हणणाऱ्या प्रदीपने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कप खाली ठेवला. आणि तो तसाच, बेसूर, पहिल्यापासून गाऊ लागला.