आर्वो सौनात का येत नाही

"एकवीस दिवस! बाविसाव्या दिवशी मी ट्रकवर! आणि कुणाच्या बापाला कळणार नाही!" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आर्वो बायकोला म्हणाला.

सिर्काने नुसतं बघितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली बायको असं बघते तेव्हा पुढचं बोलायची गरजच पडत नाही.

भानगड अशी होती. आर्वो गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. दोन वर्षांत गड्याने शेहेचाळीस किलो वजन उतरवलं. वजन गेलं, पण कातडी राहिली! पोटावर अशी लोंबायची, जशी वाळत घातलेली गोधडी. ती कापून, पोट नीट बसवून घ्यायचं ऑपरेशन त्याने गुपचूप ठरवलं. गुपचूप, कारण दोन वर्षं त्याने सगळ्या डेपोचं डोकं खाल्लं होतं. "स्कीइंग करा, राय धान्याची पेज खा, डॉक्टर-बिक्टर सगळी थेरं!" दुसऱ्याच्या हातातला पाव काढून घ्यायचा, इतका वैताग!

आणि नेमका आत्ताच म्हातारा मुकादम उर्पो रिटायर होत होता. नवा मुकादम कोण, ते साहेबाने माणसांवरच सोडलं होतं. माणसं म्हणजे उर्पो, काउको आणि टार्मो. आर्वोला ती जागा हवी होती. सव्वीस वर्षं पहाटे चारला उठून बर्फ ढकलून त्याचा जीव विटला होता. मुकादमाला खोली असते. खोलीत खुर्ची असते. खुर्चीवर बसता येतं! माणसाला अजून काय पाहिजे?

निवड व्हायची गुरुवारी, ड्यूटी संपल्यावर, डेपोच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या खोलीत. असल्या गोष्टी दुसरीकडे कुठे ठरत नाहीत.

आता नर्सबाईंचा हुकूम ऐका. सहा आठवडे सौना बंद. ओझं उचलायचं नाही. आणि चोवीस तास तो पट्टा घालायचा. पट्टा कसला, छातीपासून मांडीपर्यंत आवळलेलं इलास्टिकचं चिलखत, वर चाळीस हूक!

बाविसाव्या दिवशी, सोमवारी, आर्वो डेपोत आला तो कोळंबीसारखा वाकून. सरळ उभं राहिलं की टाके ओढायचे. हसलं की दुखायचं, खोकलं की दुखायचं, बोललं तरी दुखायचं. म्हणून तो बोललाच नाही. कॉफी घेऊन भिंतीकडे बघत बसला.

"कुठे होतास?" टार्मोने विचारलं.

"तलावावर. बर्फात भोक पाडून मासे धरत होतो."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"मिळाले?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

टार्मोने काउकोकडे बघितलं. काउकोने कपात बघितलं. जानेवारीत सगळ्यांसमोर उर्पो म्हणाला होता, "काउकोला माणसं सांभाळता येतात." तेव्हा आर्वोही तिथेच होता. झालं! माणूस तीन आठवडे एकटा बर्फावर बसतो, एक मासा धरत नाही, परत येतो तो मान खाली घालून, तोंड बंद. म्हणजे काय? मनाला लागलंय!

मंगळवारी पेजेबद्दल एक शब्द नाही. स्कीइंगबद्दल एक शब्द नाही. उलट पंधरा-पंधरा मिनिटं संडासात! चाळीस हूक काढायचे आणि चाळीस लावायचे, बिचाऱ्याला घाम फुटायचा. बाहेर तिघे गुपचूप उभे.

"रडतोय का रे?" टार्मो कुजबुजला.

"कण्हतोय," काउको म्हणाला.

"माझंच चुकलं," उर्पो म्हणाला. एवढी मोठी कबुली त्याने बायकोलाही कधी दिली नव्हती.

पण माफी मागायची कशी? तोंडाने? छे! असलं काही आमच्याकडे कुणी करत नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. संध्याकाळी आर्वो बाहेर आला तर त्याच्या गाडीवरचा बर्फ कुणीतरी साफ केलेला. काचासुद्धा खरवडलेल्या!

आर्वो जागच्या जागी थिजला. 'मला हात वर करता येत नाही, हे यांना कसं कळलं?'

बुधवारी ट्रकच्या सीटवर विणलेली उशी. काउकोच्या बायकोने विणलेली, वर दोन बदकं! ट्रक बर्फाच्या ढेकळावरून उसळला की आर्वोच्या पोटात कळ जायची, आणि उशीने खरंच बरं वाटत होतं, म्हणून तर त्याचं डोकं जास्तच फिरलं. 'टाक्यांचं कळलंय हरामखोरांना! मजा घेतायत!'

दुपारी कॉफीला बसला तर समोर दालचिनीचा पाव. सगळ्यांत मोठा. वर साखर.

"हा कुणी ठेवला?"

"खा ना," उर्पो मऊ आवाजात म्हणाला.

उर्पो! मऊ आवाजात! आर्वोने पावाकडे बघितलं. पावात त्याला स्वतःचं जुनं पोट दिसलं. म्हणजे, खा लेका, पुन्हा फुगव, पुन्हा कापून घेता येईल! असंच ना? तो उठला. ताडकन उठायचं होतं, पण टेबलाला धरून तीन टप्प्यांत उठला आणि निघून गेला. पाव तसाच.

"फारच लागलंय त्याला," टार्मो म्हणाला.

त्या रात्री सिर्का म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना."

"मेलो तरी नाही! कोण मुकादम करेल मला? पोट धरून हसतील!"

"मग सौनाला काय सांगणार?"

"सर्दी झालीय."

"सर्दीलाच तर सौना घेतात, आर्वो."

पाठीवर झोपून तो छताकडे बघत राहिला. कुशीवर वळायचीही बंदी होती.

गुरुवारी ड्यूटी संपली. तिघे टॉवेल घेऊन निघाले. आर्वो भिंतीला टेकून उभा होता, चार दिवसांचा शीण पायांत उतरलेला.

"तू ये," काउको म्हणाला. "खालच्या बाकावर बस. फार गरम नाही लागणार."

"सर्दी आहे."

काउकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकवीस वर्षांच्या सोबतीत पहिल्यांदा! "आर्वो, आम्हाला सगळं माहीत आहे. आम्हाला वाईट वाटतंय. मनात ठेवू नकोस."

आणि तो आत गेला.

सगळं माहीत आहे! आर्वोची कानशिलं तापली. सगळं माहीत, आणि चार दिवस उशा काय, पाव काय! तो तसाच डुलत डुलत मागोमाग गेला. रागाच्या भरातही बूट मात्र त्याने टाचेने ढकलून बाहेरच काढले, कारण काही झालं तरी तो माणूस होता, रानडुक्कर नव्हे. मग धाडकन दार उघडून, जाकीट, टोपी, पँट, सगळ्यासकट सौनात!

वरच्या बाकावर तिघे नागडे, लाल, टोमॅटोसारखे ओळीने बसलेले.

"होय!" आर्वो ओरडला. "घेतलं कापून! दोन किलो आठशे ग्रॅम कातडी! ही बघा!" आणि त्याने शर्ट वर केला. चिलखत! चाळीस हूक! "मासे-बिसे काही नाही, हॉस्पिटलात होतो! हसा! चार दिवस मनातल्या मनात हसताय, आता मोठ्याने हसा!"

कुणी हसलं नाही. भट्टीवरचे दगड तेवढे चुरचुरले.

"कसली कातडी?" टार्मोने विचारलं.

आर्वोचा हात शर्टासकट हवेत राहिला. "तुम्हाला... माहीत होतं ना?"

"आम्हाला वाटलं, तू रुसलायस," काउको म्हणाला.

"दार लाव," उर्पो म्हणाला. "वाफ जातेय."

आर्वोने दार लावलं. आतून. मग नर्सबाई आठवल्या, म्हणून पुन्हा उघडलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन फटीतून डोकं आत घातलं.

"मुकादमाचं काय?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ते मंगळवारीच ठरलं होतं, आज नुसतं सांगायचं होतं," उर्पो म्हणाला. "तू."

"मी?"

"दोन दिवस तू एक शब्द बोलला नव्हतास. आम्ही म्हटलं, हा असा राहणार असेल तर हाच बरा."

"काउकोसुद्धा हो म्हणाला," टार्मोने सांगितलं.

"मीच आधी म्हणालो," काउको म्हणाला.

आर्वोने डोकं आणखी आत घातलं. सव्वीस वर्षं! खोली! खुर्ची! "मग... म्हणजे मी..."

उर्पोने बादलीतून ओगराळंभर पाणी घेतलं. सावकाश दगडांवर ओतलं. वाफेत तिघेही दिसेनासे झाले.

"आता पुन्हा विचार करावा लागेल," वाफेतून आवाज आला. "दार लाव."

आर्वोने दार लावलं. बाहेरच्या बाकावर येऊन टेकला. घरी जायचं होतं, पडायचं होतं, तीन दिवस कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. समोर बूट होते. सकाळी सिर्काने घालून दिले होते. आता त्याने एकदा वाकून बघितलं, दुसऱ्यांदा कण्हून बघितलं, मग नाद सोडला.

आत तिघे विचार करत होते. नेहमीची दीड तासाची सौना. आणि नवा मुकादम, किंवा जो कोण असेल तो, नुसत्या मोज्यांत बसून त्यांची वाट बघत होता. बूट कुणीतरी चढवून द्यायला तर पाहिजेच ना!