मास्तर नावाचं फोल्डर

आमच्या शेजारच्या इंदुकाकूंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. बरं, नका घेऊ! माझं काय जातं? पण बाई वेब सर्व्हर टाकायला बसल्या होत्या, आणि तिथं नवऱ्याच्या नावावाचून पान हलत नव्हतं.

काकू शेलूबाजारच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. हायवेवरचे जीपवाले अजूनही त्यांना पाहून तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकतात. यजमान गावच्या वाचनालयात होते. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. उतारवयात स्वतः शिकून त्यांनी पुस्तकांच्या यादीचा एक प्रोग्राम लिहिला. दोन वर्षांमागं ते गेले, आणि यंदा वाचनालयाचा कॉम्प्युटरही गेला. समितीनं सांगून टाकलं, शनिवारपर्यंत मास्तरांची यादी दुसरीकडे उघडली तर ठीक, नाहीतर बाहेरून तयार प्रोग्राम आणू.

मास्तरांच्या प्रोग्रामची प्रत घरी होतीच, काकूंनी त्याच दिवशी नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानदारानं विचारलं, खातं कोणाच्या नावानं काढू? काकूंनी पिशवीतून वीजबिल काढून त्याच्यापुढे धरलं. बिलावर मास्तरांचं नाव होतं, ते त्यानं टाकलं.

मी वाशीमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, म्हणून हे झेंगट माझ्या गळ्यात. मास्तरांचा प्रोग्राम वेब सर्व्हरवर चालतो, सर्व्हर चालायला जावा नावाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि जावा कुठं ठेवलंय तो पत्ता, खात्याच्या नावासकट, सेटिंगमध्ये अक्षर न् अक्षर बरोबर लिहावा लागतो. पोरखेळ आहे, त्यासाठी शेजारी जायचीही गरज नाही. मी डब्याच्या सुट्टीत फोनवर म्हणायचो, काकू, पत्ता वाचा. त्या वाचायच्या, सी ड्राइव्ह, युजर्स, हे, जावा. हे म्हणजे कोण? हे म्हंजे हे! तेच टाकलंय ना? हो, टाकलं. सर्व्हर मात्र एकच धोशा लावून बसला होता, जावा सापडत नाही. चार दिवस! जावा दोनदा काढलं, दोनदा घातलं. माझा डबा रोज तसाच घरी परत. बायको विचारायला लागली, भाजी बिघडली का?

शुक्रवारी कॉलेजातून थेट त्यांच्याकडे गेलो. सेटिंग उघडलं. युजर्सच्या पुढे काकूंनी ठसठशीत टाइप केलं होतं, मास्तर.

माझं डोकंच फिरलं. काकूंचं उत्तर तयार होतं. "साऱ्या शेलूबाजारले मालूम हाय मास्तर म्हंजे कोण. याले काहून मालूम नाही?"

मी फाडफाड बोललो. गणित शिकवलेली बाई तुम्ही, आणि हे असलं! माणूस गेला काकू, आता कोणासाठी पाळता? हेही बोलून गेलो. काकू खुर्ची सोडून उठल्या. मी मास्तर खोडून दामोदर लिहिलं, सर्व्हर चालू केला, यादी उघडली. शनिवारी समितीनं मान डोलावली.

झालं ना? नाही! रविवारी फोन. जावा सापडत नाही. गेलो, तर सगळं ठणठणीत. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी तावातावानं विचारलं, काय बिघडलंय ते एकदा दाखवाच.

"पत्ता वाचून पाह्य ना."

"बरोबर आहे, काकू."

"मोठ्यानं वाच."

मी दात-ओठ खात वाचलं. सी ड्राइव्ह, युजर्स, दामोदर, जावा.

काकू पडद्याकडं पाहत नव्हत्याच. म्हणाल्या, "साऱ्याइचे ते मास्तर. नावानं हाक मारे ती एक त्याइची बहीण, थेबी गेली. वीजबिलबी या महिन्यापासून माह्याच नावानं येते. मले तर घेता येत नाही, बाबू. तुह्या तोंडून आयकलं का बरं वाटते."

मला राग आला. माझाच. खुर्ची ओढून बसलो आणि पत्ता पुन्हा वाचायला घेतला, सावकाश.