वाळिंब्यांच्या सात चिमण्या

वाळिंबे भावजी कधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नसत. ‘नमस्कार’ही नाही. सकाळी सव्वासातला मी ट्रामच्या स्टॉपवर अर्धवट झोपेत उभी असे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात वाऱ्याने उलटी झालेली छत्री, आणि मागून आवाज येई, “वहिनी, अकरावर घसरल्या.”

कोण घसरल्या, कुठून घसरल्या, फार लागलं का, हे विचारण्याचा उत्साह माझ्यात पहिले दोन आठवडे होता. घसरलेल्या असत ‘सुझुमे सेव्हन’ नावाच्या सात जपानी मुली. त्या एका रंगाचे झगे घालून नाचत-गात, त्यांच्या सीडी निघत आणि त्या सीडींचा तिकडे दर आठवड्याला नंबर लागे. तो नंबर वाळिंबे भावजी आणून मला देत. सुझुमे म्हणजे चिमणी, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे ते कधी ‘तो बँड’ म्हणत नसत, ‘आपल्या चिमण्या’ म्हणत. त्यातल्या ‘आपल्या’ने माझं डोकं फिरे. माझ्या घरात दोन मुलं होती, ऑफिसात दिवसभर विम्याचे कागद स्कॅन करायचे होते, आणि ड्युसेलडॉर्फच्या हिवाळ्यात साडेआठपर्यंत उजाडत नसे. त्यात आणखी सात जणींची काळजी मला नको होती.

हे भावजी आमच्या वरच्या मजल्यावर राहत. माझा नवरा आणि ते एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून ते भावजी आणि मी वहिनी. मूळ साताऱ्याचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर. काम टेस्टरचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या लिहून ठेवायच्या. हे काम त्यांच्या हाडीमांसी इतकं भिनलेलं होतं की आमच्या जिन्यातल्या नोटिशीतल्या चुकाही ते लाल पेनाने सुधारत, तेही स्वतःला जर्मन धड येत नसताना. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘आल्झो’ने, म्हणजे जर्मन ‘तर’ने, आणि शेवट ‘नोंद घ्या’ने. “आल्झो, दुसऱ्या चिमणीने केस कापले, नोंद घ्या.” मी नोंद घेत असे. दुसरं काय करणार, ट्राम बावीस मिनिटांची होती.

त्या बावीस मिनिटांत, अनेक वर्षांत, चिमण्यांची सगळी कारकीर्द माझ्या डोक्यातून गेली. त्या ओसाकातल्या एका दुकानाच्या गच्चीवर पहिल्यांदा गायल्या तेव्हा समोर एकोणीस माणसं होती आणि त्यातली बरीचशी त्यांचे आईवडील होते. मग एक गाणं टूथपेस्टच्या जाहिरातीत वाजलं आणि नशीब फळफळलं. मग चौथीच्या घशाला गाठ आली, मग ती ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेली, मग परत आली. चौथी परत आली त्या दिवशी भावजींनी ट्राममध्ये मला पेढा दिला. आजही मला माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलींची नावं क्रमाने सांगता येणार नाहीत, पण चौथीच्या घशाचं ऑपरेशन कुठल्या महिन्यात झालं ते सांगता येईल. मेंदूत जागा कमी असते, ती अशी भरते.

जर्मनीत प्रत्येक माणसाकडे ऑर्डनर असतात. जाड पुठ्ठ्याच्या त्या फायली. एक विम्याची, एक टॅक्सची, एक घरभाड्याची. भावजींकडे चौथी होती, चिमण्यांची. तिच्यात रंगीत खुणा लावून जन्मतारखा, गाणी, आजारपणं आणि भांडणं वेगवेगळी लावलेली. स्टेशनजवळच्या जपानी दुकानांतून ते मासिकं आणत, आणि मासिक वाचता यावं म्हणून या माणसाने जपानी अक्षरं शिकून घेतली. अडलं तर कंपनीतल्या एका वयस्कर जपानी साहेबांना विचारत. त्या बिचाऱ्यांना चिमण्यांचा पत्ताही नव्हता. त्यांना बिअर आवडायची आणि फार तर पियानो. भावजी त्यावर निराश होऊन मला म्हणाले की हल्ली जपानी माणसालाही आपल्या संस्कृतीची आस्था राहिलेली नाही.

कडेलोट झाला तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. कार्यक्रमांच्या यादीत ‘दहा मिनिटांचे माहितीपर भाषण : अनिल वाळिंबे’ एवढंच लिहिलं होतं, विषय नव्हता. सगळ्यांना वाटलं पेन्शनबद्दल बोलतील. भावजींनी पडद्यावर सात मुलींचा फोटो लावला आणि पाऊण तास बोलले. मोदक गार झाले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा कुणाकडे तरी तीन महिन्यांसाठी आलेले एक आजोबा उठले आणि त्यांनी फार नम्रपणे विचारलं की यातली आपली मराठी मुलगी कोणती. भावजींनी त्यांनाही नीट उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये मी त्यांना धरलंच. म्हटलं, भावजी, खरं सांगा, तुम्हाला हे गाणं एवढं आवडतं?

त्यांनी हातातलं मासिक मिटून पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, “वहिनी, डोकं उठतं हो माझं त्या आवाजाने.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची मुलगी सई तेव्हा तेरा वर्षांची. तीन वर्षांची असताना इकडे आलेली. मराठी सगळं कळे, पण तोंडातून निघे जर्मन, आणि तेही मोजकं. शाळा कशी झाली, तर ‘गूट’, म्हणजे छान. काय खाणार, तर ‘एगाल’, म्हणजे काहीही चालेल, मला फरक पडत नाही. भावजींचं ऑफिस इंग्रजीत चाले. त्यांचं जर्मन पाव विकत घेण्यापुरतं. मुलगी जरा लांब वाक्य बोलली की यांना कळत नसे, ते ‘काय म्हणालीस?’ विचारत, आणि ती ‘काही नाही’ म्हणून खोलीत जाई. आईशी तिचं भांडण तरी होई. बापाशी तेही नाही. एकाच घरात राहून त्या दोघांचं दिवसाला सहा-सात शब्दांवर भागत होतं, आणि ते शब्द भावजींनी मोजलेले होते.

एक दिवस तिच्या भिंतीवर त्या सात मुलींचं पोस्टर दिसलं. काहीतरी बोलायचं म्हणून भावजींनी मधल्या मुलीकडे बोट दाखवून म्हटलं, ही त्यांची पुढारी वाटतं. ती नव्हती. सईने मान वळवली, म्हणाली, “फाल्श.” चूक. आणि मग, कारण जर्मनमध्ये सांगितलं असतं तर या माणसाच्या डोक्यात काही शिरलं नसतं, तिने मराठीत सांगायला सुरुवात केली. मोडकं मराठी, क्रियापदं भलतीकडे, पण सांगत राहिली.

“चौदा मिनिटं बोलली, वहिनी,” भावजी म्हणाले. “घड्याळ बघितलं मी.”

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. मीना, म्हणजे त्यांची बायको, आमटी वाढत होती. भावजी सहज बोलल्यासारखे म्हणाले की तिसरी चिमणी ओसाकाची ना. मी हातातला घास खाली ठेवला. तिसरी क्योटोजवळच्या खेड्यातली होती, तिच्या वडिलांचं नूडल्सचं दुकान होतं, हे या गृहस्थाने मला किमान पाच वेळा ऐकवलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मीनाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तोवर सई “फाल्श, बाबा” म्हणून सुरूही झाली होती. बाप ‘अस्सं होय’, ‘अरेच्चा’ करत ऐकत होता, आणि त्याचा असा चेहरा मी याआधी कधी बघितला नव्हता.

नंतर त्यांनी मला ते शास्त्र समजावून सांगितलं. म्हणाले, टेस्टिंगमध्ये कधीकधी चूक मुद्दाम पेरतात, समोरचा पकडतो का ते बघायला. इथेही तेच. आठवड्याला एकच चूक, दोन नाही, नाहीतर मुलीला संशय येईल. चूक बापाला शोभेल अशी हवी, अगदी मूर्खपणाची नको. आणि जिचं उत्तर एका शब्दात संपणार नाही अशी हवी. योग्य चूक करायला सगळं बरोबर माहीत असावं लागतं, म्हणून ती अक्षरं, ती मासिकं. ऑर्डनरच्या शेवटच्या भागात पुढच्या शनिवारांच्या चुका लिहून ठेवलेल्या असत. त्या पानांना नाव दिलं होतं, ‘चुकायचे’.

त्या दिवसानंतर मी ट्राममध्ये कुरकुर केली नाही. कंटाळा मात्र आलाच. खोटं कशाला सांगू?

पण पोरं मोठी होतात. सई सोळाची झाली, पोस्टर उतरलं, तिथे कसलं तरी जर्मन, काळंकुट्ट चित्र आलं. चौदा मिनिटांची पाच झाली, पाचाची दोन. चिमण्याही थकल्या होत्या. नंबर विसावर, मग तिसावर, मग यादीतच नाही. दोघी लग्न करून गेल्या, त्यांच्या जागी आलेल्या कुणाला आवडल्या नाहीत. भावजी जास्तच मेहनत करू लागले. ट्राममध्ये वाचायचा चष्मा लावून, मासिक नाकाशी धरून, बोटाने एकेक अक्षर लावत बसत. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कधीकधी तसेच झोपून जात आणि मी त्यांना स्टॉपवर हलवून उठवी. मी एकदा म्हटलं, भावजी, पुरे करा आता, तिला त्याचं काही राहिलेलं नाही. ते म्हणाले, “दोन मिनिटं आहेत अजून.”

मग दोनेक वर्षांनी एका सकाळी ते स्टॉपवर आले आणि नुसतेच माझ्या बाजूला उभे राहिले. ट्राम दिसू लागली तेव्हा म्हणाले, “बंद झालं, वहिनी. कालच जाहीर केलं त्यांनी.”

त्या शनिवारी त्यांनी ठरलेली चूक केली. सईने ताटातून मान वर न करता म्हटलं, “एगाल, बाबा. त्या आता नाहीत ना.” सोमवारी ट्राममध्ये मला हे सांगताना भावजी हसायचा प्रयत्न करत होते. पंधरा दिवसांनी सईला कार्ल्सरूहेला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पेढे वाटले, मीना रडली, भावजींनी खोली बघण्यापासून आरोग्यविम्यापर्यंत सगळे कागद लावून दिले. फक्त एकदा, ट्राममध्ये, त्यांनी मला विचारलं, “फोनवर काय बोलणार हो ती माझ्याशी?” मी म्हटलं, बोलेल हो. मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

सई निघाली त्या दिवशी मीनाला ताप होता, म्हणून सामान उचलायला मी स्टेशनवर गेले. दोन सुटकेसा, एक कुकर, आणि तिघांनाही न सुचणारं बोलणं. गाडीला अकरा मिनिटं होती. जर्मनीत गाडी उशिरा आली की आपण चिडतो, त्या दिवशी ती वेळेवर येणार म्हणून मला राग आला. भावजींनी तिकीट दोनदा तपासलं. जॅकेटची चेन लाव म्हणाले. ती ‘या’ म्हणाली, म्हणजे जर्मनमधलं ‘हो’. डबा सांडेल, सरळ धर. ‘या, बाबा.’ मग ते फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पेरायला एकही चूक उरली नाही असं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

गाडी आली, सामान चढलं, सई दारात उभी राहिली. आणि मग तिने विचारलं, अगदी मराठीत, क्रियापद जागच्या जागी ठेवून, “बाबा, चिमण्या एकूण सहाच होत्या ना?”

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा एकदम गंभीर. बॅगेचा पट्टा मात्र हाताला इतका गुंडाळलेला की बोटं पांढरी पडली होती.

भावजी क्षणभर गोंधळले. “सहा? अगं, सात. सहा कशा असतील?”

“मला सहाच आठवतात. सांगा ना.”

“आल्झो,” भावजी म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. पहिली, पुढारी, गच्चीवर सगळ्यांत जोरात गायली ती. दुसरी, केस कापलेली. तिसरी, नूडल्सवाल्यांची. सई दारात उभी राहून प्रत्येकीनंतर ‘हो का?’, ‘मग?’ विचारत होती. चौथीच्या घशापाशी दाराची शिट्टी वाजली. पाचवीचं नाव घेताना दार लागलं. काचेपलीकडे तिने पाच बोटं दाखवली आणि भुवया वर केल्या, पुढे? भावजी गाडीबरोबर चालत राहिले आणि मोठ्यांदा सहावी आणि सातवी सांगितली, फलाटावरची चार माणसं वळून बघत असताना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या ट्राममध्ये ते पुन्हा बोटं मोजत बसले होते. आमच्या स्टॉपच्या जरा अलीकडे म्हणाले, “वहिनी, सहा म्हणणं शक्यच नाही. नावातच सेव्हन आहे.”

“हो,” मी म्हटलं.

“म्हणजे तिला माहीत होतं.”

“होतं.”

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा लावला. “कधीपासून असेल?”

मी म्हटलं, भावजी, ते तिला कधी विचारू नका. त्यांनी मान हलवली. मग आम्ही उतरलो आणि मीनासाठी तापाचं औषध घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.