नानाभाऊंचा हसायचा खून

आमचे शेजारी नानाभाऊ माणूस दिसला की आधी तो कसा पडेल याचा अंदाज घेतात. वलगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाची मला ओळख करून दिली ती अशी, की हे माडीवरून फार सुंदर पडतील. मामा तेव्हा जिलेबी खात होते.

नानाभाऊ म्हणजे आमच्या अमरावतीचे मारामारीचे डायरेक्टर. त्यांचे पिक्चर लोक मोबाइलवर पार अकोल्यापर्यंत बघतात. त्यात मार खाणारे गुंड म्हणजे आमची गल्ली. सगळ्यांना त्यांनी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर पाडलंय. मला तेवढं कधी घेतलं नाही. "तू पडत नाही बाप्पा, तू बसतो," म्हणाले. मला राग यायचा तो आलाच.

मागच्या वर्षी शोभावहिनी, त्यांची बायको, गेल्या. भाऊंनी मारामारी सोडली आणि एक दिवस जाहीर केलं की आता खुनाचा पिक्चर, पण हसायचा. मी कपाळाला हात लावला. गोष्ट अशी की दोघं भाऊ घरात एकाचा खून करतात, पण मुडदा हलवायला सवडच मिळत नाही. सारखं कुणी ना कुणी येतं, आणि आल्या माणसाला चहाशिवाय सोडायचं म्हणजे आपल्याकडे केवढा अपमान! खुनी बिचारे दिवसभर चहाच उकळतात. मुडद्याचं काम मला मिळालं. त्यात पडायचं नव्हतं ना!

भाऊंना घोर एकच, "हसतीन ना लोक?" न्हाव्याला विचारलं, डॉक्टरला विचारलं. शूटिंगमध्ये चादरीखाली झोपलेल्या मलाही विचारायचे, आणि मी हो म्हटलं की मुडदा बोलला म्हणून माझ्यावरच ओरडायचे.

पहिला खेळ गल्लीजवळच्या मंगल कार्यालयात झाला. अर्धा पिक्चर संपला तरी सगळे गप्प. भाऊंचा पिक्चर म्हणून मारामारीत कोण कधी उडतो याची लोक वाट बघत होते. भाऊंनी माझा दंड असा आवळला की मी कळवळलो. मग पडद्यावर पाहुणे गेल्यावर दमलेला खुनी दोन कप चहा ओततो, एक मुडद्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "घ्या, थंडा होऊन राहिला." हॉलमध्ये जो हशा उसळला, तो थांबेचना.

भाऊ उठून बाहेर गेले. मी मागे गेलो, तर ते रडत होते. मी विचारलं, हे मुडद्याच्या चहाचं सुचलं कुठून?

"शोभा गेली त्या सकाळी सवयीनं मी दोन कप चा मांडला. तिचा तिच्यापाशी नेऊन ठेवला, अन् मंग मले हसूच आलं. बायको मेलेली अन् मी हसून राहिलो. कोनाले सांगू हे?"

आत लोक अजून हसत होते. भाऊ ऐकत राहिले.

"सारेच हसले ना रे," ते म्हणाले. "मंग मी वाईट माणूस नाही ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं, आणि मलाही रडू आलं.