उस्ताद सात मजले चढतात

"छाती उघडून पुन्हा शिवली, म्हणून काय हात काम विसरलेत?" उस्तादांनी साहेबांना ठणकावलं. अठ्ठावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला साहेब फोनपाशी बसवून तक्रारी लिहायला लावणार होते! बायकोही साहेबांच्याच बाजूची. शेवटी तडजोड झाली: आज एक लिफ्ट एकट्यानं चालू करून दाखवायची, नाहीतर मुकाट्यानं फोन धरायचा.

पहिलीच तक्रार सातमजली इमारतीची. लिफ्ट तळमजल्यावर ठप्प, आणि मशीनची खोली गच्चीवर! डॉक्टरांनी जिने चढायची परवानगी दिली होती, पण दमानं. उस्तादांनी लिफ्टकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छाती पुढे काढून ते थेट जिना चढू लागले.

साहेबांनी मात्र आधीच फोन करून ठेवला होता, की माणूस हृदयाच्या ऑपरेशनमधून उठलाय, जरा सांभाळा. झालं! प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडलेली. पहिल्यावर पाणी. दुसऱ्यावर एका काकूंनी नाडी धरली, ती सोडेचनात. तिसऱ्यावर एका आजोबांनी सदरा वर करून स्वतःचे टाके दाखवले.

"आता तुमचे दाखवा!"

"आजोबा, लिफ्ट..."

"लिफ्ट कुठं पळून जातेय? बंदच आहे ती!"

टाके दाखवावे लागले. आजोबांचे जास्त लांब निघाले, तेव्हा कुठं सुटका झाली.

दोन तासांनी उस्ताद गच्चीवर पोहोचले. मागे अर्धी इमारत. त्यांनी खोलीत जाऊन पिशवी उघडली, स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि कशालाही हात लावायच्या आधीच मोटर घरघरली! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"नुसत्या नजरेनं चालू केली हो!"

लिफ्ट सातव्यावर थांबली. तिच्यातून उतरून गच्चीवर आली ती साक्षात बायको. हातात गोळ्यांची डबी.

"दुपारची गोळी घरीच राहिली तुमची," ती म्हणाली, आणि मग कानाशी येऊन, "खाली जाळीचं दार बोटभर उघडं होतं. मी ओढून घेतलं."

उस्तादांना दरदरून घाम फुटला. आधी दार बघायचं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं!

"अगं, हळू बोल!"

"बोलतच नाही. पण उद्यापासून फोनवर बसायचं." तिचे डोळे भरून आले. "दोन महिने माझ्या जिवात जीव नव्हता हो."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "शाब्बास उस्ताद! नुसत्या नजरेनं चालू केलीत, असा तिथल्या लोकांचा फोन आला होता. उद्या बारा मजली इमारत घ्या!"

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं.

"नको साहेब. फोनवर कुणीतरी जाणकार हवाच की!"

दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली. उस्ताद घसा खाकरून म्हणाले, "आधी खालचं दार नीट लागलंय का, ते बघा!"