विश्वासपट्ट्यातली बस

अयोध्या नगरहून साकेत नगरला जाणारी सकाळची बस उशिरा येते, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली, तेव्हा शासनाने तातडीने बसचा आलेख काढण्याचा निर्णय घेतला. बस दुरुस्त करणं हाही एक पर्याय फाइलवर होता. परंतु त्यासाठी निविदा काढावी लागते. आलेखासाठी क्षितिजा पुरेशी होती.

क्षितिजा उपासनी आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. आणि राजधानी परिवहन संनियंत्रण संचालनालयात कंत्राटी विश्लेषक. तिची आई रत्नप्रभाताई साकेत नगरातल्या एका रुग्णालयात परिचारिका, आणि याच सकाळच्या बसच्या नेहमीच्या प्रवासी. म्हणजे एकाच घरातली एक बाई बसची वाट पाहायची आणि दुसरी त्या वाट पाहण्याचा आलेख काढायची. मीही त्याच थांब्यावर उभा असायचो. मी एका निमसरकारी कार्यालयात तक्रार निवारणाच्या खिडकीमागे बसतो, त्यामुळे उशीर झाला तर माझं काही अडत नसे. ताईंचं अडत असे.

रुग्णालयात बोटाचा ठसा घेणारं यंत्र होतं. उशीर झाला, की ते न बोलता एक रजा गिळत असे. त्यांची थोरली लेक सोनाली मे महिन्यात इंदूरला बाळंत होणार होती आणि त्यासाठी ताईंनी स्वतःची आजारपणंसुद्धा पुढे ढकलून रजा साठवल्या होत्या.

"सोनालीच्या सासूबाईंनी परवा फोनवर विचारलं, 'तुम्हाला यायला जमेल ना हो?'" ताई मला थांब्यावर म्हणाल्या. "त्यातल्या त्या 'हो'चा सूर मला चांगला कळतो, नीळकंठराव. ही बस त्या बाईला सामील आहे."

क्षितिजाने 'आर' नावाच्या संगणकभाषेत पहिला आलेख काढला. आडवी तारीख, उभा उशीर, आणि प्रत्येक फेरीचा एक बिंदू. कढईत मोहरी टाकून झाकण ठेवायला कुणी विसरावं, तसे बिंदू पडदाभर उडाले होते.

संचालक गिरीश खासगीवाले मूळचे ग्वाल्हेरचे. मराठी असल्याचा त्यांना अभिमान होता आणि हिंदीची सवय. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय आहे? घामोळं?"

"सर, प्रत्येक बिंदू म्हणजे एक फेरी."

"मॅडम, वर घामोळं नाही दाखवता येत. एक लाइन काढा. साफसुथरी."

'आर'मध्ये बिंदूंमधून गुळगुळीत रेघ काढायला एक ओळ लिहावी लागते. क्षितिजाने ती लिहिली. रेघ आली, पण ती सणावारी फुगत होती, परीक्षांच्या दिवसांत वाकत होती, आणि एका ठिकाणी तर तिला सरळ उंटाचं कुबड आलं होतं.

"ही लडखडते आहे," साहेब म्हणाले.

"सर, डेटा लडखडतोय."

"डेटाला लडखडू द्या. लाइन सरकारी आहे."

अशा रेघेने आजूबाजूच्या किती बिंदूंचं ऐकायचं, हे ठरवणारा एक आकडा असतो. तो लहान असला, तर रेघ शेजारच्या चारदोघांच्या बोलण्याने हलते. वाढवत नेला, की ती सगळ्यांचं ऐकते आणि कुणाचंच मनावर घेत नाही. शासकीय भाषेत या अवस्थेला परिपक्वता म्हणतात. क्षितिजाने आकडा वाढवला, आणखी वाढवला, आणि शेवटी साहेबांच्या आज्ञेनुसार सरळ रेघच मारली. ती रेघ डावीकडून उजवीकडे झकास उतरत गेली. उशीर कमी होत होता!

साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांना पडद्याच्या कोपऱ्यातली लाल अक्षरं दिसली.

"हे लाल काय लिहिलंय?"

"सूचना आहे, सर. ज्या फेऱ्यांची वेळ नोंदलेलीच नाही, त्या वगळल्या आहेत, असं सॉफ्टवेअर म्हणतंय. म्हणजे ज्या बस वाटेत बंद पडल्या, पोचल्याच नाहीत. सगळ्यात जास्त उशीर होणाऱ्या जुन्या बसच हल्ली बंद पडतात, म्हणून रेघ खाली येतेय."

"मग बरोबरच आहे. जी आलीच नाही, ती उशिरा कशी येईल?"

यावर संख्याशास्त्रात उत्तर आहे. कंत्राटात नाही.

आता राहिला रेघेभोवतीचा करडा पट्टा. रेघ किती भरवशाची आहे, हे सांगणाऱ्या या पट्ट्याला कार्यालयात 'विश्वासपट्टा' म्हणू लागले. तो रुंद होता, आणि शासनाचा विश्वास असा ऐसपैस पसरलेला साहेबांना खपेना.

"किती टक्के विश्वास धरलाय?"

"पंच्याण्णव, सर. तशी पद्धत आहे."

"पाच टक्के कुठे गेले? शंभर करा."

क्षितिजाने शंभर केले. पट्टा पडद्याच्या वरून आणि खालून बाहेर निघून गेला. सगळा पडदा करडा झाला.

"सर, पूर्ण विश्वास हवा असेल, तर बस कधीही येऊ शकते किंवा कधीच येणार नाही, एवढंच सांगता येतं. पट्टा बारीक हवा असेल, तर विश्वास कमी करावा लागेल."

साहेब गंभीर झाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हे अनुभवाने माहीत होतं. शास्त्राचा आधार मात्र आज मिळाला. विश्वास दहा टक्क्यांवर आणण्यात आला. पट्टा दोऱ्यासारखा बारीक झाला. तळटीपेत 'विश्वास : पुरेसा' असं नमूद करण्यात आलं.

"आणि ते बिंदू काढा," जाता जाता साहेब म्हणाले. "बिंदू दिसले, की पब्लिक त्यात स्वतःला शोधत बसते."

आलेखाचं वर कौतुक झालं. कौतुक झालेली गोष्ट उपयोगात आणावी लागते, म्हणून संचालनालयाने 'विलंब प्रमाणपत्र' ही लोकाभिमुख योजना आणली. प्रवाशाने मोबाइलवर थांबा आणि तारीख टाकायची. बसला किती उशीर झाला, याचं प्रमाणपत्र तत्काळ मिळणार आणि ते सर्व कार्यालयांनी ग्राह्य धरायचं. उशिराची मिनिटं रेघेवरून घ्यायची, पट्ट्याच्या आतली.

"सर, तो पट्टा सरासरीचा आहे, एकेका बसचा नाही," क्षितिजाने शेवटचा प्रयत्न केला. "वर्गाची सरासरी उंची पाच फूट असली, म्हणून प्रत्येक मूल पाच फुटांचं नसतं."

"युनिफॉर्म तर एकाच मापाचे वाटतो ना आपण?" साहेब म्हणाले.

योजना सुरू झाली, त्याच आठवड्यात बस पाऊण तास उशिरा आली. रत्नप्रभाताईंनी प्रमाणपत्र काढून रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागातल्या प्रतीक दुबेसमोर धरलं.

"सिस्टर, इसमें तो छह मिनट लिखे हैं," दुबे अत्यंत आदराने म्हणाला. "छह मिनट माफ. बाकी लेट तो आपकी पर्सनल हुई."

एक रजा गेली. पुढच्या आठवड्यात पाच मिनिटांचं प्रमाणपत्र आलं, आणि आणखी एक गेली. रेघ उतरत होती, तशा रजाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो. ताई पोळ्या जरा जास्तच जोरात लाटत होत्या.

"काका, तुम्हीच सांगा हिला," क्षितिजा म्हणाली. "ती रेघ माझी नाही, संचालनालयाची आहे."

"काढली कोणी?"

"मी."

"मग उद्यापासून मला त्या रेघेवरच बसवून पाठव साकेत नगरला. उतारही आहे, घसरत जाईन." लाटणं थांबलं. "सोनालीला काय सांगू? तुझ्या धाकट्या बहिणीने मला पुसून टाकलं म्हणून येता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी क्षितिजाने आलेखावर एक बिंदू परत ठेवला. एकच. पट्ट्याच्या पुष्कळ वर, लाल रंगाचा.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी आई, सर."

साहेब हळवे झाले. "आईंना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "आणि काढून टाका."

सरळ रेघेचा एक स्वभाव असतो : ती कुठे थांबावं हे स्वतः ठरवत नाही. एप्रिल लागला आणि रेघ शून्याच्या जवळ आली. क्षितिजाने रीतसर टिपण ठेवलं, की रेघ शून्यावर रोखण्यास मान्यता मिळावी. अन्यथा बस वेळेच्या आधी येते, असं दिसू लागेल. साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला : 'प्रगती रोखण्याचे प्रयोजन कळले नाही.'

एका सकाळी बस आलीच नाही. थांब्यावरचे आम्ही चौघं एका ऑटोत कोंबून निघालो. वाटेत ताईंनी सवयीने प्रमाणपत्र काढलं, वाचलं. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं : 'प्रमाणित करण्यात येते की, सदर बस नियोजित वेळेच्या चार मिनिटे आधी पोचली.'

मला वाटलं, आता बाई रडणार. त्या हसल्या. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं, इतक्या हसल्या.

पुढचं मला दुबेकडूनच कळलं. ताई त्याच्या टेबलासमोर शांतपणे बसल्या.

"बस चार मिनट पहले आई. मैं उसी बस की सवारी हूँ. तो मैं लेट कैसे?"

"पर सिस्टर, मशीन में तो अड़तीस मिनट..."

"मशीन आपकी है, सर्टिफिकेट सरकार का. दोनों में झूठा कौन है, लिखकर दे दीजिए, भैया. मैं चली जाऊँगी."

दुबेने पेन उचललं आणि खाली ठेवलं. या देशात असं लिहून देणारा मनुष्य अजून मनुष्यबळ विभागात भरती झालेला नाही. त्याने नियम चाळले. कर्मचारी वेळेपूर्वी आल्यास ती वेळ बदली रजेत जमा करावी, असा एक नियम निघाला. आजवर कुणी वेळेपूर्वी आलेलंच नसल्यामुळे तो अगदी कोरा राहिला होता.

मग रेघ जशी खाली जाऊ लागली, तशा ताईंच्या रजा वर येऊ लागल्या. बस रोज थोडी अधिक आधी पोचत होती. प्रत्यक्षात ती आठवड्यातून दोनदा येई, पण प्रत्यक्ष हा आलेखाचा भाग नव्हता. मे महिन्यात ताई इंदूरला गेल्या, बाळंतपण केलं, नातीच्या बारशालाही थांबल्या. सोनालीच्या सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला बरी एवढी रजा मिळते हो!" त्या 'हो'ला या वेळी ताईंनी पेढा दिला.

इथवर गोष्ट एका बाईची होती. पण अयोध्या नगरात कुकरची शिट्टीसुद्धा खाजगी राहत नाही. पंधरवड्यात सगळ्या कॉलनीला कळलं, की माणसापेक्षा बसचं प्रमाणपत्र जास्त लवकर पोचतं. घरी बसून प्रमाणपत्र पाठवलं, की कार्यालयात हजेरी लागू लागली, आणि लोक थांब्यावर यायचे बंद झाले. प्रवासी नाहीत म्हणून बस बंद झाली. बस नाही म्हणून नवा बिंदू नाही, आणि बिंदू नाही म्हणून रेघेत बाधा आणणारं काहीच उरलं नाही. ती आणखी सरळ दिसू लागली. तक्रारी शून्यावर आल्या. संचालनालयाला उत्कृष्ट सेवेचं पारितोषिक मिळालं आणि क्षितिजाचं कंत्राट वाढलं. ते तिने घेतलं. घरात नवीन बाळ आलं होतं, आणि मावशीला रिकाम्या हाताने जाता येत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या पोटात कळ आली. ऑटोने मी त्याच रुग्णालयात गेलो. नोंदणीच्या टेबलावर कुणी नव्हतं. तपासणीच्या खोलीत पंखा फिरत होता. रत्नप्रभाताईंच्या वॉर्डात त्यांची खुर्ची होती, खुर्चीवर शाल होती. एकटा दुबे सापडला.

"डॉक्टर कुठे आहेत? नर्स? कुणीच कसं आलं नाही?"

"अंकल, पूरा स्टाफ टाइम से पहले आ चुका है." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. सुरेख रेघ होती. भोवती दोऱ्याएवढा पट्टा.

"मग दिसत का नाहीत?"

"आप बिंदु ढूँढ रहे हैं, अंकल," तो हळुवारपणे म्हणाला. "ट्रेंड देखिए."

मी ओरडणार होतो. नागरिकांचे हक्क वगैरे शब्द तोंडापर्यंत आलेही होते. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. माझ्या कार्यालयाचा संदेश होता : 'आपले विलंब प्रमाणपत्र स्वीकृत. आपण आज नियोजित वेळेच्या अकरा मिनिटे आधी उपस्थित आहात. धन्यवाद.' पोट धरून मी बाकावर बसलो आणि ओरडण्याचा विचार सोडून दिला.

त्या वेळी माझ्या तक्रार निवारणाच्या खिडकीसमोर कोण उभं होतं, मला ठाऊक नाही. तुम्ही असाल, तर रांग सोडू नका. मी आतच आहे.